सगळ्यांना सारखं पाणी

आमच्या ह्यांना शहरात नावाने कोणी ओळखत नाही. नळवाले म्हणा, कोणीही घर दाखवेल. एकतीस वर्षं पाणीखात्यात त्यांनी एकच काम केलं. पहाटे सायकल काढायची, माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब लोखंडी चावी दांडीला बांधायची आणि रस्त्यातली झाकणं उघडून एकेका गल्लीला पाणी सोडायचं. प्रत्येक गल्लीला पाऊण तास. मिनिट कमी नाही की मिनिट जास्त नाही. आमच्या स्वतःच्या गल्लीलासुद्धा पाऊणच. एकदा माझ्या डोक्याला साबण आणि नळ गेला. तशीच डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि भर रस्त्यात ह्यांना जे काही बोलले, ते आठवून शेजारीण अजून हसते. ह्यांनी खिशातलं घड्याळ काढून मला दाखवलं आणि सायकलवर बसून निघून गेले.

असा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसला. खात्याने चावी परत घेतली. पहिले काही दिवस पहाटे उठून नुसतेच दारात उभे राहायचे, मला बघवायचं नाही. मग मीच म्हटलं, मागे एवढं अंगण पडलंय, तिथे तुमची पाणीपुरवठा योजना चालवा. मी बोलले चेष्टेत, ह्यांनी घेतलं मनावर. गुलाब आले, मिरची आली, टोमॅटो, पुदिना. सगळे रांगेत, आणि प्रत्येकाला रोज सकाळी एक झारी. पुदिन्याला एक, गुलाबाला एक. मागची भिंत पडली होती, तिच्या नव्या विटा आणून ठेवल्या होत्या. पण झाडांच्या पाण्यातून वेळ मिळाला तर भिंत बांधणार ना.

त्यात माझा निवडुंग आला.

माझं माहेर इथून आठ तासांवर, वाळवंटाच्या कडेला. तिथे पाऊस आला तर आला, नाही तर पुढच्या वर्षी. आमच्या फाटकाशी माणसाहून उंच निवडुंग होता, खांबासारखा उभा. तो कोणी लावला नव्हता. घराच्या आधीपासून तिथेच होता. वडिलांनी कुंपणाची भिंत बांधायला घेतली तर तो नेमका मधे आला. गवंडी म्हणाला, तोडून टाकू. वडील म्हणाले, तो आधी आलाय, भिंत वळव. मग भिंत तिथे पोट काढल्यासारखी वळली आणि मी लहानपणी त्या वळणात बसून रुसायचे. रुसायची माझी जागाच होती ती. आईवडील गेल्यावर दादा एकटाच राहायचा. यंदा त्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. तो मुलीकडे राहायला गेला, घर विकलं, आणि घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात फाटक, भिंत, निवडुंग सगळं सपाट केलं.

पण दादा शहाणा. त्याने आदल्या वर्षीच त्या निवडुंगाची एक फांदी कापून तेलाच्या डब्यात लावून ठेवली होती. ती कमरेएवढी फांदी घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो बसने आमच्याकडे आला. मांड्यांना काटे टोचून टोचून बिचारा चालेना. डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे एवढंच राहिलं बघ. सांभाळ." मग ह्यांच्याकडे वळला. "नळवाले, ह्याला पाणी महिन्यातून एकदा. तेही हात आखडून." ह्यांनी मान डोलावली.

आम्ही तो अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत लावला. पुढच्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला मला जावं लागलं. दोन महिने तिकडेच गेले. परत आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी मागे गेले. हे अभिमानाने म्हणाले, "कसा भरलाय बघ." भरला होता खरा. चकाकत होता. मी काटे चुकवून बुडाशी बोट टेकवलं तर बोट आत गेलं आणि कुबट वास आला.

"अहो, किती पाणी घातलंत?"

"सगळ्यांना घालतो तेवढंच."

"दादाने सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं गं. पण गुलाबाला पाणी देऊन रोज ह्याच्यासमोरून तसंच पुढे जायचं? मला नाही जमलं."

"मला डोक्याला साबण लावून उभं ठेवताना बरं जमलं," मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. अति तिथे माती, हे मी ह्यांना जन्मभर सांगत आले, पण पालथ्या घड्यावर पाणी. बोलता बोलता माझाच आवाज फुटला आणि मी रडायला लागले. माहेरचं एवढं एकच उरलं होतं, आणि तेही ह्या भल्या माणसाने मायेने कुजवलं होतं.

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्याच दिवशी हे रोपवाटिकेतल्या माळ्याला घेऊन आले. त्याने निवडुंग दाबून पाहिला आणि सुरी काढली. "खालून वर, स्वच्छ लागेपर्यंत कापत जायचं. आत एक तपकिरी ठिपका राहिला तरी सगळा जाईल." पहिल्या कापाला तपकिरी. दुसऱ्याला तपकिरी. तिसऱ्याला, चौथ्याला मधोमध ठिपका. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, आणि दर कापागणिक ते झाड बुटकं होत होतं. पाचव्या कापाला आत नुसतं हिरवट पांढरं निघालं. हातात उरला दीड वीत तुकडा.

माळी म्हणाला, महिनाभर सावलीत सुकवा, जखम वाळू द्या. मग कोरड्या वाळूखडीत उभा करा. मुळं धरेपर्यंत पाण्याचा थेंब नको, दिलंत की संपलं. माळी गेल्यावर ह्यांनी हत्यारांच्या पेटीतून एक लहान कुलूप शोधलं, मागच्या नळाला घातलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "तू ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही." ज्या माणसाच्या हातात अख्ख्या शहराचं पाणी होतं, त्याने स्वतःच्या अंगणातला नळ माझ्या ताब्यात दिला. मी किल्ली घेतली. बोलले मात्र नाही, एवढ्यात कशी बोलेन.

महिनाभर तो तुकडा फडताळात वर्तमानपत्रावर पडून होता. मग त्याच कोपऱ्यात, पडक्या भिंतीच्या ओळीत खड्डा करून वाळूखडी भरली आणि तो उभा केला. मी सकाळी कुलूप उघडायचे, बाकीच्यांना पाणी व्हायचं, मी कुलूप लावायचे. नंतर हे स्टूल घेऊन निवडुंगासमोर बसायचे. तो दिवसेंदिवस आकसत चालला. अंगावर सुरकुत्या आल्या.

"सुकतोय गं," हे म्हणायचे.

"सुकू द्या," मी म्हणायचे, आणि आत जाऊन पदार्थ करपवायचे.

खोटं कशाला बोलू. एका दुपारी हे केस कापायला गेले होते. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि मागे गेले. मनात म्हटलं, दोन घोट, कुणाला कळतंय. तांब्या वाकवणार तेवढ्यात मागून आवाज आला, "नको." हे दारात उभे होते, मानेवर कापलेले केस तसेच. वाटलं, आता माझी खरडपट्टी काढतील. हे शांतपणे जवळ आले आणि माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"अजून मुळं नाहीत त्याला. आत्ता दिलंस तर ते तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. त्याच्यासाठी नाही." मग म्हणाले, "मी दोन महिने तेच केलं." तांब्यातलं अर्धं पाणी हे प्यायले, अर्धं मला दिलं. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसून राहिलो. माझा राग त्या दिवशी गेला.

पुढे पाच आठवडे झाले असतील. सकाळी ह्यांनी हाक मारली. हातात जाड फडकं होतं. त्यांनी फडक्याने निवडुंग धरला आणि अलगद वर ओढून पाहिला. हलला नाही. मला म्हणाले, "तू बघ." मी ओढला. खालून त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला मात्र मी कुलूप लावू शकले नाही.

मी कुलूप काढलं आणि किल्लीसकट ह्यांच्या हातात ठेवलं. मला वाटलं, आता झारी भरून आणतील. ह्यांनी चहाचा कप आणला, नळाखाली अर्धा भरला आणि बुडाभोवती वाळूत हळूहळू ओतला. गुलाबाला मात्र नेहमीची झारी मिळाली.

"आणि आता पुढचं कधी?" मी विचारलं.

"महिन्याने," हे म्हणाले. "बघू."

मी दादाला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नळवाल्यांना सांग, अर्धा कपसुद्धा जास्तच झाला."

दुपारी बघते तर हे विटांपाशी उभे. दोरी आणि फावडं काढलेलं. कोपऱ्यापाशी येऊन थांबले आणि मला विचारलं, "तुझ्या वडिलांनी भिंत किती वळवली होती?" मी दोन्ही हात पसरले आणि दाखवलं, एवढी, एक मुलगी रुसून बसेल एवढी. ह्यांनी त्या दीड वितीच्या निवडुंगाभोवती तेवढी जागा मोजून सोडली आणि पहिली वीट ठेवली.