शालूवहिनींचा नकार

मराठी माणूस दिल्लीत कुठल्याही कामाने येवो, त्याच्याजवळ टिपणिसांचा पत्ता असायचाच. मुलाखतीला आलेली पोरं, मोठ्या इस्पितळात दाखवायला आलेली जोडपी, बद्रीनाथला निघालेल्या मावश्या, सगळ्यांचा मुक्काम तिथे. विश्वास टिपणीस केंद्र सरकारच्या नोकरीत होते तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये, आणि निवृत्तीनंतर नोएडाच्या फ्लॅटमध्ये. "या, या, आपलंच घर आहे," हे म्हणायचं काम विश्वासरावांचं. त्यापुढचं सगळं शालिनीबाईंचं. गाद्या घालणं, गिझरसाठी प्रत्येकाची पाळी लावून देणं, कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाचा उपास म्हणून साबुदाणा भिजवणं. दिलदार म्हणून नाव मात्र विश्वासरावांचं झालं. जगाची रीतच तशी आहे, त्याला कोण काय करणार!

"शालूवहिनी कधी थकत नाहीत," असं लोक म्हणत. वर्षानुवर्षं तेच ऐकून शालिनीबाईंनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग पावसाळ्याच्या सुमारास काहीतरी बिघडलं. नक्की कधी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एके दिवशी त्या कणकेचा डबा उघडून उभ्या राहिल्या आणि तो कशाला उघडला तेच आठवेना. हळूहळू तोंडाची चव गेली. पहाटेच जाग यायची आणि आता उठायचं आहे, या विचारानेच अंगातलं बळ जायचं. मुलगी रसिका गुरुग्रामला नोकरीत होती. तिला मोठी बढती मिळाली, तिने आनंदाने फोन केला, आणि शालिनीबाई "अरे वा" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला आनंद झालेलाच नाही. त्या गोष्टीची त्यांना फार भीती वाटली.

सर्वांत वाईट म्हणजे दारावरची बेल. ती वाजली की छातीत धडधडायचं, तळहातांना घाम सुटायचा, श्वास घशाशी यायचा. दारात दूधवाला असला तरी तेच.

"सगळं असून मला काय धाड भरलीय?" असं त्या स्वतःलाच विचारत. नवरा चांगला, मुलगी गुणाची, घर स्वतःचं. रडण्यासारखं काही नाही, तर मग रडू येतंच कसं? आपल्या हातून काही गुन्हा होतो आहे अशा चेहऱ्याने त्या डोळे पुसत आणि पुन्हा कामाला लागत.

विश्वासरावांना काही दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी बायकोचं रक्त तपासून घेतलं, थायरॉइड पाहिलं, हृदयाचा कार्डिओग्राम काढला. सगळं नॉर्मल निघालं. "बघ, तुला काही म्हणजे काही झालेलं नाही!" रिपोर्ट नाचवत ते म्हणाले. मग निदान त्यांनीच केलं. घर रिकामं पडलंय म्हणून शालूला करमत नाही. ती माणसांतली बाई! आणि त्यांनी फोन फिरवायला सुरुवात केली. इंदूरहून त्यांची चुलत बहीण कुमुदिनी आली. तिच्यापाठोपाठ स्पर्धा परीक्षेवाल्या दोन मुली आल्या. शालिनीबाई जितक्या खचत तितकी माणसं वाढत गेली. हे म्हणजे दुखण्याला खुराकच झाला. पण देणाऱ्याच्या मनात माया होती, मग तक्रार करायची तरी कशी? शालिनीबाई पाहुण्यांसमोर हसत. "बघा, कशी खुलली!" विश्वासराव सगळ्यांना सांगत.

दिवाळीला रसिका आली. हॉलमध्ये पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, फराळाच्या बशा फिरत होत्या, आणि आई कुठे दिसेना. रसिकाने बाथरूमचं दार ढकललं. आत नळ सोडून शालिनीबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. बाहेर जायला पाय उचलत नाहीत."

रसिकाने नळ बंद केला आणि आईशेजारी ओल्या फरशीवरच बसली. "आई, बस झालं यार," ती म्हणाली. "तू बिल्कुल ठीक नाहीयेस."

इतक्या महिन्यांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ते ऐकून शालिनीबाई तोंडाला पदर लावून रडल्या, आणि रडताना त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

दिवाळी संपताच रसिका दोघांना घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. विश्वासराव कुरकुरत आले. बाईंनी शांतपणे बरंच विचारलं. झोप, भूक, छातीतली धडधड. मग म्हणाल्या, "कभी लगता है कि सुबह आँख ही न खुले?"

शालिनीबाईंनी खाली बघत मान हलवली. "जी. लगता है."

विश्वासरावांनी चटकन बायकोकडे पाहिलं. ती रोज त्यांच्याशेजारी झोपत होती, आणि रोज हे मनात घेऊन उठत होती.

बाईंनी समजावून सांगितलं. हे डिप्रेशन आहे आणि त्याच्याबरोबर घबराटीचा आजारही आहे. आळस नाही, नाटक नाही. कारण सापडलं नाही म्हणून तो खोटाही ठरत नाही. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही, पण उपचाराने उतरतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, दर पंधरवड्याला बोलायला यायचं, आणि तो सकाळचा विचार बळावला तर त्याच क्षणी सांगायचं. निघताना त्यांनी सहज विचारलं, "घर में आपको चाय कौन बनाकर देता है?"

शालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्वासराव छताकडे बघायला लागले.

गोळ्या सुरू झाल्या. थंडी वाढली, रजया बाहेर निघाल्या. पहाटेचं ओझं थोडं उतरलं, वरणाला पुन्हा चव लागायला लागली. बेलची धास्ती मात्र जाईना. आणि जानेवारी उजाडताच सांगलीहून विश्वासरावांच्या जुन्या मित्राचा, बाळ सान्यांचा फोन आला. बाळभाऊजी दर संक्रांतीला पंधरावीस माणसं घेऊन पानिपतला जात, तिथल्या काला अंब स्मारकापाशी लढाईत पडलेल्या पूर्वजांसाठी डोकं टेकवत. वाटेत टिपणिसांकडे मुक्काम आणि शालूवहिनींच्या गुळपोळ्या, हे कित्येक वर्षांचं ठरलेलं होतं.

"या ना, या! आपलंच घर आहे," विश्वासराव म्हणून गेले.

आतल्या खोलीत शालिनीबाईंनी ते ऐकलं. त्या पलंगाची कड धरून बसल्या. विश्वासराव आत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं."

"पोळ्या बाहेरून मागवू. तू नुसती बसून राहा."

"बसूनसुद्धा नाही जमायचं हो." त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "मी या घरात कुणाला कधी नाही म्हटलं नाही. आज म्हणतेय. माझ्यासाठी तुम्ही म्हणाल का?"

विश्वासराव आले तसे मागे फिरले. मग हॉलमध्ये जाऊन त्यांनी फोन लावला. दार उघडंच होतं.

"बाळ, अरे, या वेळी जमणार नाही रे. शालूची कंबर…" ते थांबले. "नाही. कंबर नाही. तिला डिप्रेशन आहे. औषधं चालू आहेत."

हा शब्द त्या घरात मोठ्याने पहिल्यांदाच बोलला गेला. पलीकडून बाळभाऊजींचा खणखणीत आवाज आतपर्यंत ऐकू आला, "अरे, मग तर आम्ही येतोच! चार माणसं बघून वहिनींना बरं वाटेल!"

हे वाक्य विश्वासरावांचंच होतं.

"नको, बाळ," ते म्हणाले. "मीही तेच समजत होतो. तिला फार त्रास झाला त्याने. तुमची सोय मी धर्मशाळेत करतो, पानिपतलाही तुमच्याबरोबर येतो. पण घरी नको."

त्यांनी फोन ठेवला. शालिनीबाईंनी डोळे पुसले.

"अहो," त्यांनी आतून हाक मारली, "जरा चहा टाकता का?"

स्वयंपाकघरात भांडी वाजली. "साखर कुठे असते गं?" आवाज आला. सवयीने त्या उठायला गेल्या, आणि पुन्हा बसल्या. "वरच्या फळीवर. निळ्या झाकणाचा डबा," त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगितलं.

चहा पांचट झाला होता. दोघं पलंगावर बसून तो पीत होते, एवढ्यात बेल वाजली. शालिनीबाईंच्या छातीत धडधडलंच.

"तू बस," विश्वासराव म्हणाले, आणि दार उघडायला गेले.