अण्णा, कूलर आणि वर्षाचं तिखट

माझ्या सासऱ्यांना मी आयुष्यात एकदाच रडवलं, आणि तेही कूलरने.

अण्णा यंदा गेले. त्यांच्याविषयी काही गंभीर, नीटस असं लिहावं म्हणून मी बरेच दिवस कागद घेऊन बसतोय. पण पहिली ओळ झाली की कूलरची ती सकाळ मध्ये येऊन उभी राहते आणि बाजूला व्हायचं नाव घेत नाही. तेव्हा आधी ती लिहून टाकतो.

लग्न झालं तेव्हा मी नंदुरबारच्या एका कॉलेजात नुकताच ग्रंथपाल म्हणून लागलो होतो. अश्विनी गडहिंग्लजची. म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाच्या एका कोपऱ्यातून उचलून मी तिला बरोबर समोरच्या कोपऱ्यात आणून ठेवली होती. घर मिळालं ते युसूफभाईंच्या वर. युसूफभाई पत्र्याचे कूलर बनवायचे. खाली त्यांचं दुकान, मागे अंगण, अंगणात कडुलिंब, आणि या सगळ्यावर हमीदाखालांचं राज्य. खाला म्हणजे युसूफभाईंची बायको. घरात त्या हिंदी बोलत, आमच्याशी अहिराणी, आणि भाजीवाल्याशी जी भाषा बोलत तिला नाव नाही.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात खाला वर आल्या, स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले आणि विचारलं, "तिखट कोठे शे?"

अश्विनीने दुकानातून आणलेली पुडी दाखवली. खालांनी ती पुडी अशा नजरेने पाहिली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. नंदुरबारात उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करून ठेवतात. मिरची निवडून आणायची, देठं खुडायची, कडक उन्हात वाळवायची, चक्कीवरून दळून आणायची आणि बरणी भरायची. ज्या घरात ही बरणी नाही, ते खालांच्या लेखी घर नव्हे, धर्मशाळा. आणि ही मिरची साधी नाही. हंगामात गावात शिरणाऱ्या एसटीतले लोक डोळे मिटूनसुद्धा सांगतात, नंदुरबार आलं. (शिंकून सांगतात.)

दुसरीकडे, अण्णांचा फोन रोज यायचा. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे फोन हे यंत्र मध्ये नसतं तरी त्यांचं चाललं असतं.

"आशू, तिकडं लई ऊन हाय म्हणं?"

"छे हो अण्णा. घरात कूलर आहे. दुपारी तर गोधडी घ्यावी लागते."

(कूलर तेव्हा युसूफभाईंच्या दुकानात पत्र्याच्या रूपात पडला होता. आम्ही दुपारी ओले टॉवेल अंगावर टाकून झोपत होतो.)

"तू काय बी सांगतीस. मी येतोच बघायला. हितं एका शाळेत ग्रंथपालाची जागा हाय. मी बोलून ठेवलंय. येतो, बघतो, आणि दोघांस्नी घिऊनच येतो."

अण्णा "घेऊन येतो" म्हणाले की आणत, हे मला साखरपुड्यापासून माहीत होतं. आणि आमची अडचण अशी, की अश्विनीला नुकतीच तळोद्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. जूनपासून जायचं होतं. तिने ती मुलाखत देऊन, धडा घेऊन दाखवून, स्वतःच्या जोरावर मिळवली होती, आणि अण्णांना अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते पुढच्या गाडीने आले असते.

आम्ही बसून योजना आखली. आधी अण्णांना कूलरसमोर बसवायचं. गार झाले की जेवायला वाढायचं. जेवले की वर्षाच्या तिखटाची बरणी दाखवायची, म्हणजे पोरगी इथे मुळं धरून बसली आहे हे त्यांना कळेल. आणि मग नोकरीची बातमी सांगायची. योजना उत्तम होती. त्यात मी होतो, एवढाच काय तो दोष.

कूलर आला. युसूफभाईंनी घरचे भाडेकरू म्हणून खास बनवला होता. त्याचा पंखा चालू झाला की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर थेट डिसेंबरवर जाई. तो आम्ही गॅलरीत, खिडकीला तोंड करून बसवला. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून अश्विनीने कूलरच्या टाकीची सांडपाण्याची नळी भिंतीतल्या भोकातून न्हाणीघरातल्या बादलीत सोडली. टाकीचं जुनं पाणी फुकट घालवायचं नाही, फरशी पुसायला वापरायचं. मला तिच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

मिरचीही आली. खालांनी स्वतः बाजारात जाऊन निवडली. दोन माणसांना किती लागते असं मी विचारायच्या आत पोतं जिन्यावर होतं. खुडली, गच्चीवर पसरली, आणि अण्णा यायच्या आदल्या संध्याकाळी अवकाळी सर आली. मी ग्रंथालयात होतो. अश्विनीने जमेल तेवढी गोळा केली, पण मिरची दमट झाली. चक्कीवाल्याने दमट मिरची घ्यायला साफ नकार दिला.

"आता बरणीत काय दाखवायचं?" अश्विनी म्हणाली. "गडहिंग्लजची माणसं आहेत ती. तिखटाशिवाय त्यांना घर दिसणारच नाही."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण मी शेतीवरच्या एका जाड पुस्तकात वाचलं होतं, की वाळवणीला उन्हाइतकंच महत्त्व वाहत्या कोरड्या हवेला असतं. आणि आमच्या गॅलरीत काय उभं होतं?

"हे बघ," मी म्हणालो, "कूलर तीन बाजूंनी हवा ओढतो. पाण्याचा पंप बंद ठेवायचा, नुसता पंखा लावायचा. मिरच्या जुन्या साडीच्या गाठोड्यांत बांधून तिन्ही जाळ्यांवर टांगायच्या. गरम कोरडी हवा रात्रभर त्यांच्यातून खेचली जाईल. सकाळी कुरकुरीत."

"आणि ती हवा येणार कुठे?"

"आपण गच्चीवर झोपू."

ती माझ्याकडे बघत राहिली. नवीन लग्न होतं, त्यामुळे हो म्हणाली.

सकाळी खाला पापड वाळत घालायला वर आल्या आणि गॅलरीशी थांबल्या.

"भाऊ, हाई काय करी ऱ्हायना तू?"

मी त्यांना वाहत्या हवेचं तत्त्व सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मिरची ऊनमा सुकस, भाऊ," त्या म्हणाल्या. मग अश्विनीकडे वळल्या. "पोर, तुन्हा नवराले पुस्तकं कमी देत जाय."

पण मिरची खरोखर वाळली होती! हातात घेतली की बिया खुळखुळत होत्या. गाठोडी काढायची, खोली झाडायची आणि दहाच्या गाडीवर अण्णांना आणायला जायचं, असं ठरलं. तेवढ्यात फोन वाजला. अण्णा पोहोचले होते. स्वतःच्या खात्यातला माणूस असल्यामुळे त्यांना अशी गाडी माहीत होती जी वेळापत्रकालाही माहीत नव्हती.

"गाठोडी?" अश्विनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काढतो, काढतो," असं म्हणत मी थेट स्टँडवर गेलो. तिला वाटलं, काढली.

अण्णा घरात आले, घाम पुसला, सगळीकडे पाहिलं. अश्विनीने त्यांना खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं.

"कुठं हाय तुझा तो कूलर? लाव बघू."

अश्विनीने पंखा पूर्ण वेगावर लावला. कॅलेंडर डिसेंबरवर गेलं. मी पाण्याचा पेला घेऊन उभा होतो, आणि गाठोडी मला त्या क्षणी आठवली.

अण्णा शिंकले. पुन्हा शिंकले. मग त्यांना शिंकांची अशी माळ लागली की मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. जरा थांबल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "लई गार हाय की गं. सर्दीच झाली."

"म्हटलं होतं ना अण्णा, गोधडी लागते," अश्विनी म्हणाली आणि स्वतःही शिंकली. मग तिने हळूच माझ्याकडे पाहिलं. एरवी ती मला नावाने हाक मारायची. वडिलांसमोर "अहो" म्हणायची. आता म्हणाली, "अहो." त्या एका शब्दात सगळी चौकशी होती.

मी "पंपाचं बघतो जरा," असं पुटपुटत गॅलरीत गेलो. पहिलं गाठोडं अलगद सुटलं. दुसरंही. तिसरं जाळीच्या तारेत अडकलं होतं. मी ते ओढलं. सोबत जाळी निघाली, साडी फाटली, आणि निम्म्या मिरच्या कूलरच्या टाकीत पडल्या. बाकीच्यांच्या बिया आणि धूळ पंख्याने आनंदाने आत नेली.

आतून अण्णांचा स्टँडवरचा आवाज आला, "अहो जावईबापू, हे कसलं वारं म्हणायचं?"

धूळ आहे, तर पाण्याने बसेल, असा मी विचार केला. (विचार करणं हा माझा पेशाच होता.) मी ओरडलो, "अश्विनी, पंप लाव!"

तिने लावला. टाकीतलं पाणी मिरच्यांतून वर चढलं, उरलेल्या जाळ्यांच्या गवतावरून खाली उतरलं, आणि युसूफभाईंच्या त्या दणकट पंख्याने त्याचे बारीक तुषार करून अण्णांच्या तोंडावर सोडले. आता ते शिंकेनासे झाले. शिंकायलाही काही एक बळ लागतं.

"बंद करा!" आतून दोघेही म्हणाले. बटण शोधायला डोळे उघडावे लागत होते आणि ते कुणालाच जमत नव्हतं. मी गॅलरीतूनच मुळावर घाव घालायचं ठरवलं, आणि टाकीचं बूच ओढून काढलं. पाणी भराभर उतरलं. पंप कोरडा घरघरला. तेवढ्यात अश्विनीला चाचपडत बटण सापडलं आणि सगळं शांत झालं. मला वाटलं, संकट टळलं.

अण्णा भिंतीला धरून उठले. "तोंड धुतो," म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. आत एक बादली होती. काठोकाठ भरलेली. मला वाटलं, बरं झालं, पाणी तरी आहे. मग ते पाणी कुठून आलं हे माझ्या लक्षात आलं, आणि मी "अण्णा, थांबा," म्हणेपर्यंत आतून ओंजळीचा आवाज झाला.

पुढचा आवाज खालच्या दुकानात ऐकू गेला. युसूफभाईंचा हातोडा थांबला.

खाला पदर खोचून वर आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी वास घेतला, बादली पाहिली, मला पाहिलं. "बाबा, डोयाले हात नका लावू," असं म्हणत त्यांनी अण्णांना हाताला धरून खाली नेलं, कडुलिंबाखालच्या खाटेवर निजवलं आणि तोंडभर गार दही थापलं. डोळ्यांवर भिजवलेला रुमाल ठेवला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मन्हा घरमा दर साल मिरची सुकस. आजलगून कोनी रडनं नही."

अण्णा पडून होते. पांढरा चेहरा, मधे फक्त मिशा. ते आता म्हणणार, बॅग भर, हे मला स्पष्ट दिसत होतं. अश्विनीलाही दिसलं असावं. ती खाटेशी बसली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल उचलायच्या आत सांगून टाकलेलं बरं, अशा घाईने बोलली.

"अण्णा, मला तळोद्याजवळ शाळेत नोकरी लागलीय. विज्ञान शिकवायचं. जूनपासून. मला ती करायचीय."

"मुलाखत कुणी घेतली?" दह्याखालून आवाज आला.

"त्यांनीच. मुलांसमोर धडा घ्यायला लावला. मुलं पुन्हा या म्हणाली."

"जाणार कशी रोज?"

"एसटीने."

अण्णांच्या मिशा जराशा हलल्या. "एसटीनं," त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मग खालांच्या दिशेने मान वळवून विचारलं, "बाई, हिला काय लागलं-सवरलं तर तुम्ही हाय न्हवं हितं?"

"मी शे ना," खाला म्हणाल्या. "पोर मन्हीच शे."

अण्णांनी रुमाल बाजूला केला. लाल डोळ्यांनी आधी लेकीला पाहिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला शोधून काढलं. मी कडुलिंबामागे होतो.

"जावईबापू, पोरीची काळजी मिटली," ते म्हणाले. "तिची नोकरी हाय, ही बाई हाय, गाडी हाय. तिनं खुशाल हितं ऱ्हावं. गडहिंग्लजची ती ग्रंथपालाची जागा अजून रिकामी हाय. मी तुम्हास्नी घिऊन जातो. तुमच्यापास्नं ह्या लोकांस्नी धोका हाय."

मी हसलो. कुणीच हसलं नाही.

"यास्ले कवय लई जातस?" खालांनी विचारलं. कधी नेताय, एवढंच त्यांना हवं होतं.

मी आशेने अश्विनीकडे पाहिलं. ती वर आमच्या घराकडे बघत होती. माझी बॅग माळ्यावर ठेवली की कॉटखाली, हे आठवत असावी.