त्याच्या पाठीची बॅग

सगळे त्याला फोटोमास्तर म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर नुसतं ‘फोटो’. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत राखाडी पडदा, फिरतं स्टूल आणि छत्र्या लावलेले दिवे. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि बायको. लग्नानंतर त्याने तिच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा दिला तो पुसायला. मग लेन्स बदलायला शिकवलं, मग दिवे लावायला, मग लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढायला. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, आमची ही मदतीला असते. त्यात खोटं काही नव्हतं.

आयुष्यभर त्याने निघालेल्या माणसांचे फोटो काढले. पासपोर्टचे. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. माणसं फोटो घेऊन जायची आणि खरोखरच कुठेतरी जायची. तो स्टूल पुसून ठेवायचा.

कपाटात एक लांब लेन्स होती. मैदानावरच्या सामन्यांची कामं मिळतील म्हणून हौसेने घेतलेली. कामं मिळाली नाहीत. फडक्यात गुंडाळलेली ती लेन्स तान्ह्या मुलासारखी जड लागायची, आणि तशीच सांभाळावी लागायची. बायको रिकाम्या दुपारी ती काढून कारखान्यामागच्या साचलेल्या पाण्यावर जायला लागली तेव्हा त्याला हसू आलं.

“बगळ्यांचे पासपोर्ट काढतेस काय?” त्याने विचारलं.

“ते बिनपासपोर्टचे जातात,” ती म्हणाली आणि गेली.

पुढे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने तिचे फोटो पाहिले आणि तिला बोलावलं. दूर समुद्रात एक बेट आहे, तिथे हंगामात पक्षी अंडी घालायला उतरतात. हंगामभर तिथे राहायचं आणि फोटो काढायचे. तिकीट त्यांचं, राहायची सोय त्यांची. फोटोमास्तर म्हणाला, छान झालं. मग पुढच्या खोलीत जाऊन त्याने एका गिऱ्हाइकाचा फोटो पुन्हा पुन्हा काढला आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचे डोळे मिटलेले निघाले.

हा मत्सर आहे हे त्याला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, ॲसिडिटी. तो गोळ्या खायला लागला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीने ते पाहिलं. ती म्हणाली, “गोळ्या वाया घालवू नकोस. तुझ्या पोटात जे दुखतंय ना, त्यावर औषध निघालेलं नाही अजून.”

भाकरी खाल्ली एकाने नि ढेकर दुसऱ्यालाच, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं, पण तेही नीट जुळत नव्हतं. लेन्स त्याची. कॅमेरा त्याचा. लेन्सचं छिद्र किती उघडायचं, शटरचा वेग किती ठेवायचा हे ज्ञान त्याचं. फक्त जे दिसलं होतं ते तिला दिसलं होतं, आणि ते त्याला कुठून परत मागता येत नव्हतं.

राहता राहिली बॅग. विमान छोटं, नियम कडक. हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा, शिवाय बॅग त्यांच्या ठरलेल्या चौकटीत बसायला हवी. नाहीतर ती खाली मालात जाणार, आणि मालात गेलेली लेन्स कुठल्या अवस्थेत बाहेर येईल हे सांगता येत नाही. संस्थेनेही बजावलं होतं की तिथे दुसरी लेन्स मिळणार नाही. लेन्स पोचली नाही तर तिच्या जाण्याला अर्थ नव्हता.

“बॅगेचं मी बघतो,” तो म्हणाला. “तुला त्यातलं कळायचं नाही.” तिला इतर कामं होती. ती बरं म्हणाली.

सगळं सामान चादरीत बांधून तो बाजारातल्या प्रवासी सामानाच्या दुकानात गेला. बॅगवाला लठ्ठ आणि बोलका होता. फोटोमास्तरने एकेक पाठीवरची बॅग मागवली, तिच्यात दोन्ही कॅमेरे, लांब लेन्स, छोटी लेन्स, बॅटऱ्या भरल्या, पाठीवर चढवली आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. एक मजबूत होती, पण रिकामीच इतकी जड की अर्धं वजन तीच खाणार. एकीची चेन बाहेरच्या बाजूला, म्हणजे गर्दीत कुणीही हात घालावा. एकीच्या आतले गादीचे कप्पे पातळ. मग एक काळी बॅग सापडली. हलकी. पाठीकडून उघडणारी. कमरेचा पट्टा असा बसला की सगळं ओझं खांद्यांवरून उतरून कमरेवर गेलं. आरशात त्याने स्वतःला पाहिलं. निघालेला माणूस दिसत होता.

“कुठे निघालात साहेब?” बॅगवाल्याने विचारलं.

बायको चालली आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, “बेटावर.” मग त्याला थांबता येईना. पक्षी, वारा, पहाटे उठून कड्यावर जाणं, संस्थेने आपल्यालाच कसं निवडलं, सगळं त्याने सांगितलं. तिने रात्री जेवताना सांगितलेले शब्द जसेच्या तसे त्याच्या तोंडून येत होते. बॅगवाल्याने कौतुकाने ऐकलं. फोटोमास्तरच्या पोटात त्या दिवशी दुखलं नाही.

घरी बायकोने बॅग पाठीवर घेतली. कमरेचा पट्टा मांड्यांवर आला. खांद्यांवरचे पट्टे घसरून दंडांवर लोंबले. वजन मागे ओढत होतं आणि ती कपाट पाठीवर घेतल्यासारखी वाकली होती. त्याने पट्टे ओढले, आणखी ओढले, ओढायला काही उरलं नाही.

“बॅग मी नेणार आहे की बॅग मला?” ती म्हणाली.

तिची उंची त्याला माहीत नव्हती असं नाही. घरातल्या वरच्या फळीवरचं सगळं तोच काढून द्यायचा. पण त्या अख्ख्या दुपारी त्याला एकच पाठ आठवली होती. तो म्हणाला, बदलून आणतो, तू नको येऊस.

“माझी पाठ घरी ठेवून?”

दोन दिवसांनी दोघं सगळं सामान घेऊन गेले. वाटेत त्याने दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा रस्त्यावरच्या वाहनांबद्दल बोलला.

“या साहेब,” बॅगवाला उठलाच. “काय झालं, चौकटीत बसली नाही? आणि वहिनी, एवढा हंगामभर एकट्याला सोडताय बेटावर? पक्ष्यांबरोबर घरटं बांधून राहतील ते.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. पक्षी उडू नये म्हणून ती जसं न हलता बघायची तसं. त्याला वाटलं, आपला फोटो निघाला. कान दिसतायत, हसू नाही.

“सोडते मी त्यांना,” ती शांतपणे म्हणाली. “पण ओझं मी उचलणार आहे. माझ्या मापाची दाखवा.”

तिने त्याचं खोटं झाकून घेतलं होतं. त्या झाकणाखालून तो सुखरूप घरी जाऊ शकत होता, आणि बॅगवाल्याला जन्मभर काही कळलं नसतं. पण एवढं मोठं मनही तिच्याकडेच असावं, हे त्याला बेटापेक्षा जास्त लागलं. आता हेही तीच देणार, आणि आपण घेणार.

“मी नाही चाललो,” तो म्हणाला. “ही चाललीये. निवड हिची झालीये. परवा मी खोटं बोललो.”

बॅगवाल्याने काळी बॅग उलटीपालटी करून पाहिली. “मग तुम्ही एवढं घालून घालून काय बघत होता?” त्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो शिडीवर चढला आणि करड्या रंगाची एक आखूड बॅग काढून आणली, पाठीचा भाग वरखाली सरकवता येणारी.

लांब लेन्स कॅमेऱ्याला जोडलेली तिच्यात मावेना. फोटोमास्तर लगेच म्हणाला, बघ, नाही जमणार. आवाजातला उत्साह त्यालाच ऐकू आला. बायकोने लेन्स सोडवली आणि बॅगेत तिरकी ठेवली. एक कॅमेरा गळ्यात अडकवला, बॅटऱ्या बाजूला काढल्या, त्या प्रवासात कोटाच्या खिशांत जातील म्हणाली. दुकानात विमानाच्या मापाची एक लोखंडी चौकट होती. बॅगवाल्याने बॅग तिच्यात सोडली. क्षणभर ती वरच्या कडेला अडली. त्या क्षणात फोटोमास्तरने मनापासून मागितलं की ती अडकूनच राहावी.

बायकोने तळव्याने बॅग जरा दाबली. ती खाली बसली.

मग तिने ती पाठीवर घेतली आणि आरशासमोर उभी राहिली. पट्टे लावायचे होते, आणि ते त्यालाच येत होते. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. कमरेचा पट्टा आधी, मग खांद्यांचे, शेवटी छातीवरचा. हात ठरावीक कामासारखे चालले. छातीवरचा पट्टा त्याने ओढला, आणि आणखी ओढला.

“घट्ट झाला,” ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं नाही. पट्टा बोटांत तसाच ताणून धरलेला होता.

“अहो. श्वास घेता येत नाहीये.”

त्याने पट्टा सैल केला.