पूजेतले बूट

"माझे बूट कुठे आहेत, विलासो?" असं तो ओरडत होता, आणि मी खोटं सांगत नाही, त्या आवाजानं किटरूममधल्या टॉवेलांच्या घड्या मोडल्या. विलास माझं नाव, पण शेवटी 'ओ' लावल्याशिवाय रेन्झोच्या इटालियन जिभेला चैन पडत नसे. मॅचला दीड तास उरला होता. बाहेर असं ऊन की कावळे उडायचं सोडून भिंतीच्या सावलीतून चालत निघाले होते. एक पाय मोज्यात आणि एक उघडा, अशा थाटात दुबईतल्या आमच्या क्लबचा स्ट्रायकर माझ्यासमोर उभा होता. मी त्या क्लबचा किटमन, म्हणजे जर्सी मोजणारा, बूट पुसणारा, बुटांच्या तळाचे स्टड पिळणारा माणूस. मी अगदी शांतपणे कपाटामागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर त्याचे बूट मांडलेले होते. शेजारी हवा भरायचा पंप, कात्री आणि रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेली माझी स्टड पिळायची किल्ली. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं आणि त्यांच्यावर बर दुबईतल्या मंदिराच्या गल्लीतून आणलेला झेंडू. त्या दिवशी खंडेनवमी होती.

याला सहा वर्षं झाली. आणि रेन्झो जाऊन आता सहा आठवडे होतील. एक्केचाळीस वर्षांचा होता. रविवारी दुपारी बहिणीकडे भरपेट जेवला, टीव्हीवर मॅच लावून खुर्चीत बसला आणि हाफटाइमला कुणी कॉफी घेऊन गेलं तेव्हा तो नव्हता. मरणसुद्धा माणसानं असं घ्यावं की मागच्यांना हेवा वाटावा. पण माझं जळणं तो कसा गेला हे कळायच्याही आधी सुरू झालं, कारण ही बातमी मला आलीच नाही. ज्या माणसाचे मोजे मी दोन सीझन उलटे-सुलटे केले, त्याच्या बहिणीनं मेल पाठवली ती माझ्या मुलाला. केदारनं कम्प्युटरवरून मान न वळवता सांगितलं, "रेन्झो इज डेड, बाबा," आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं. पण आधी मनात आलं ते हे, की मी गेलो तर हा असा बसेल का... लाज वाटते, पण आलं.

त्याच्या कारकिर्दीबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर कळलेलं. बाप समुद्रकाठच्या छोट्या गावात मासे विकायचा. सतराव्या वर्षी गावच्या टीमकडून पहिला गोल मारला, तेव्हा बापानं त्या दिवशीचे सगळे मासे वाटून टाकले. मग वरच्या डिव्हिजनचा एक क्लब, मग त्याहून वरचा. तिथे एका बलाढ्य टीमविरुद्ध त्यानं मारलेला गोल आमच्या घरी निदान चाळीस वेळा झाला असेल. मिठाची बाटली म्हणजे बचाव करणारा, लोणच्याची बरणी म्हणजे गोलकीपर, आणि तो स्वतः म्हणजे लिंबाची फोड. लिंबू बरणीला वळसा घालून जायचं आणि माझा केदार टाळ्या पिटायचा. पुढे गुडघा गेला. खालची डिव्हिजन, आणखी खालची, दर वर्षी नवं गाव. तो सांगायचा, स्ट्रायकरनं गोल केला तर कॉफीवाला टेबलापाशी येऊन बसतो, तीन रविवार केला नाही तर तोच कॉफीवाला कप पुसत राहतो. शेवटी आखातातून फोन आला, आणि पस्तिशीला टेकलेला हा गृहस्थ एक बॅग आणि एक बुटांचा जोड घेऊन आमच्यात येऊन पडला.

खेळायचा कसा म्हणाल, तर खेळायचाच नाही. नव्वदातली अठ्ठ्याऐंशी मिनिटं बसस्टॉपवर उभा असल्यासारखा उभा. पोरं घाम गाळतायत, कोच अरबीत देवाला साकडं घालतोय, आणि हा कंबरेवर हात ठेवून. मग उरलेल्या दोन मिनिटांत कुठूनतरी चेंडू यायचा, हा अर्धं पाऊल सरकायचा आणि खलास. आम्ही लोक जन्मभर धावतो आणि हाती काही लागत नाही, आणि हा नुसता थांबून मिळवतो, हे मला कधीच पटलं नाही. शिवाय पोट नव्हतं. केस होते. शारजात अल नहदाला आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचा तेव्हा वरणभात हातानं कालवून खायचा, आणि त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द, "अजून", असा काही म्हणायचा की माझी बायको सुनंदा, जिनं माझ्या विनोदाला लग्नानंतर हसणं सोडलं होतं, ती पदर तोंडाशी नेऊन हसायची.

पण खरं दुखणं केदारचं होतं. तो तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला मी लहानपणापासून एक गोष्ट सांगत आलो होतो, की मुंबईत ऑफिसच्या टीमकडून खेळताना त्याच्या बापानं फायनलला गोल मारले होते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा दोन गोल होते. केदार वाढत गेला तसे तेही वाढले, आणि रेन्झो आला तोवर पाचावर पोहोचले होते. त्यातला एक कॉर्नरवरून, डोक्यानं, डोळे मिटून. खरं तेवढंच की मी त्या टीमची बॅग धरायचो आणि हाफटाइमला लिंबं कापायचो. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये केदारशी खेळताना माझा चेंडू दर वेळी उजवीकडे जाऊन चपलांच्या रॅकवर आदळायचा, तेव्हा मी म्हणायचो, जुनी दुखापत आहे. त्या पोराच्या डोळ्यांत मी सेंटर फॉरवर्ड होतो. आणि आता घरात एक खराच सेंटर फॉरवर्ड येऊन वरण ओरपत होता. त्याला एका नजरेत कळणार होतं, आणि त्यानं एक शब्द उच्चारला की माझे पाचही गोल रद्द.

तर खंडेनवमीचं. त्या दिवशी खेळाडू लहान मुलांचे हात धरून मैदानात उतरणार होते आणि रेन्झोनं स्वतःसोबत चालायला केदारला मागून घेतलं होतं. मला न विचारता. केदार आठ दिवस झोपला नव्हता. नवमीला हत्यारं पूजेत मांडायची आणि दसऱ्याला उचलायची, मधे हलवायची नाहीत, हा आमच्या आईचा नियम. गेली कित्येक वर्षं मी माझी किल्ली आणि पंप मांडत आलो होतो. बूट मात्र त्याच वर्षी मांडले. आणि रेन्झोचेच मांडले, ते अकरा ठिकाणी शिवलेले जुने बूट, ज्यांच्याशिवाय तो अंघोळीलासुद्धा गेला नसता.

तो बूट उचलायला वाकला, तेव्हा मी कधीच न ऐकलेलं शास्त्र सांगितलं. म्हटलं, हबीबी, उचल खुशाल, पण पूजेतलं हत्यार उचलणाऱ्याचा तो अवयव जातो. त्यानं कुंकवाकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. एवढा धिप्पाड माणूस, पण मासेविक्याच्या घरातला, देवाच्या बाबतीत आमच्याहून हळवा. त्यानं झेंडूला हात न लावता बोटांचं चुंबन घेतलं आणि कोरे करकरीत बूट चढवून गेला. केदारचा हात धरून चालताना लंगडत होता. साठाव्या मिनिटाला रिकामा गोल, समोर कुणी नाही, माझी आईसुद्धा नऊवारीत मारू शकली असती, आणि ह्यानं चेंडू असा उडवला की तो, म्हणतात, अजून अबुधाबीच्या दिशेनं चाललाय. आम्ही हरलो. गाडीत केदार मागे तोंड करून रडत होता. मी खुशीत होतो, ते शारजाच्या हद्दीपर्यंत. तिथे ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो आणि माणसाला विचार करायला वेळ मिळाला की खुशी टिकत नाही. सुनंदा एवढंच म्हणाली, "अहो, बूट तुम्ही मुद्दाम मांडलेत ना." प्रश्न नव्हताच तो.

दसऱ्याला सकाळी रेन्झो किटरूमच्या दारात उभा. आता उचलू का, म्हणून विचारतोय. मी मान हलवली. त्यानं कुंकू पुसू दिलं नाही आणि पुढच्या मॅचला तसेच बूट घालून दोन गोल केले. म्हणजे देव माझा, कुंकू माझं, गोल त्याचे. पुढच्याच आठवड्यात सुनंदानं पोळ्या वाढता वाढता त्याला सांगून टाकलं की पाय-बिय काही जात नाही, हे ह्यांनी रचलेलं. मला वाटलं आता टेबल उलथतं. तो हसला. इतका हसला की लोणच्याची बरणी आडवी झाली. "विलासो," डोळे पुसत तो इंग्रजीत म्हणाला, "तू माझ्याशी खेळायला हवं होतंस. बचाव करणारे असे नाहीत मिळत." ह्याला राग आला असता तर बरं झालं असतं. न चिडणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार थकवणारं असतं.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबं पिकनिकला गेलो, आज दुबई मरीनाचे टॉवर उगवतायत त्या बाजूच्या वाळूवर. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला रस्ता. एका बाजूला आइसबॉक्स आणि दुसऱ्या बाजूला सुनंदाची पिशवी, असा गोल केला होता. रेन्झो गंमत म्हणून गोलकीपर झाला. खेळता खेळता केदारनं त्याला बाजूला ओढलं, वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. त्यानं गंभीरपणे मान डोलावली. माझ्या छातीत निखारा पडला. माझा मुलगा परक्याच्या कानात बोलतोय, आणि दोघं माझ्याकडे बघतायत... तेवढ्यात रेन्झो ओरडला, यल्ला विलासो, पेनल्टी तू घे, पाच गोलवाला तू. सगळी मंडळी बिर्याणीच्या प्लेटा घेऊन उभी. पळता येईना. मी पँट दुमडली, अर्ध्या फर्लांगाची धाव घेतली आणि अंगठ्यानं ठोकला. चेंडू नेहमीसारखा उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला, कासवाच्या चालीनं. एखाद्या आजीनं पदरात धरला असता. आणि रेन्झोनं विरुद्ध बाजूला, समुद्राकडे झेप घेतली. काय झेप ती. हात ताणलेले, तोंडावर खरी धडपड, मग वाळूत लोळण आणि मुठीनं वाळूवर संताप. केदार माझ्या कंबरेला येऊन बिलगला.

लोक टाळ्या वाजवत होते आणि मी जळत होतो. कारण थापा मारणं हे माझं क्षेत्र. तीस वर्षं मी ते एकट्याच्या बळावर सांभाळलं. आणि ह्या माणसानं एक शब्द न बोलता, नुसत्या अंगानं, माझ्या जन्मातल्या सगळ्या थापांहून मोठी थाप मारली, आणि ती माझ्यासाठी मारली. त्याबद्दल त्याला मी कधी माफ केलं नाही. आभारही मानले नाहीत. दुसऱ्या सीझननंतर क्लबनं त्याला मोकळं केलं. जाताना बूट माझ्यापाशी ठेवून गेला. केदारला पत्रं येत राहिली, मग मेल. मला फक्त शेवटी एक ओळ, सिन्योराला, म्हणजे सुनंदाला, आणि विलासोला नमस्कार.

बूट आमच्या पॅसेजमध्ये, त्याच चपलांच्या रॅकवर वरच्या फळीला असतात. शिवण उसवलीय, पण कुंकवाचा डाग शाबूत आहे. दर खंडेनवमीला मी ते पाटावर मांडतो. यंदाही मांडले. केदार आता पंधरा वर्षांचा आहे, पूजेला सहसा थांबत नाही, पण यंदा येऊन बसला आणि झेंडू त्यानं स्वतः ठेवला. मला राहवेना. सहा वर्षं पोटात होतं ते म्हणालो, "केदार, मी कधीच फुटबॉल खेळलो नाही रे. आणि बीचवरची ती पेनल्टी... ती रेन्झोनं मुद्दाम सोडली होती."

त्यानं बुटाची नाडी सरळ केली.

"आय नो, बाबा. समुद्राकडे उडी मार म्हणून मीच सांगितलं होतं त्याला."