हिमोग्लोबिन आठ पॉइंट चार

दोन वर्षांपूर्वी बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार गोंड मुली भाड्याने राहायला आल्या. आदिलाबादकडच्या, नारायणगुड्याच्या कॉलेजात शिकायच्या. आपसात गोंडी बोलत, पण त्यांच्याकडच्या बाजारात मराठी चालते, त्यामुळे आमच्याशी मराठीत. आमच्या मुलापेक्षा त्यांची मराठी चांगली, असं बायको म्हणे, आणि ते खरं होतं.

त्यांच्यातली थोरली कबड्डी खेळायची. एका सकाळी ती जिन्यात मटकन बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पॉइंट चार. कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनी बजावलं, अकरा झाल्याशिवाय संघाच्या निवडीला उतरायचं नाही. निवड तीन महिन्यांवर होती.

"शेवटचं वर्ष आहे काका," ती म्हणाली. "यानंतर मले कोण खेळू देते?"

दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पण ती घ्यायला विसरायची. मी नियम घातला. रोज संध्याकाळी सहाला खाली यायचं, गोळी माझ्यासमोर घ्यायची, मी कॅलेंडरवर खूण करणार. आता घरी आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवायची आमच्यात पद्धत नाही. ती आली की बायको कप हातात द्यायची आणि गोळी पहिल्या घोटाबरोबर जायची.

तीस दिवस, तीस खुणा. पुन्हा रक्त तपासलं. आठ पॉइंट पाच.

मी कॅलेंडर घेऊनच दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेलो. गोळ्यांतच खोट आहे, असं सांगायला. त्यांनी सगळ्या खुणा पाहिल्या.

"गोली किसके साथ खाती बच्ची?"

"हमारे घर की चाय के साथ," मी ताठ मानेने सांगितलं.

त्या इतक्या हसल्या की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "क्या अंकल! हिसाब पक्का रखे, और गोली चाय को खिला दिए!" चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर द्या, म्हणाल्या.

घरी येऊन मी चूक कबूल केली. थोरली माझ्या बायकोकडे वळली. "काकू, महिनाभर काकांनी माझ्यावर पहारा केला. करायचा होता तुमच्या किटलीवर!"

चहा बंद झाला, लिंबू सुरू झालं. तिच्या आईनेही गावाहून डबा पाठवला. भाजलेली मोहफुलं, तीळ आणि गूळ कुटून वळलेले लाडू. मोह म्हटलं की मला दारूच आठवायची. यात नशा नाही ना, असं मी विचारून बसलो.

"तुम्ही खा तर! पडलात तर चौघी मिळून उचलतो."

मी तीन खाल्ले आणि सरळ चालत बाजारात जाऊन आलो.

दोन महिन्यांनी आकडा आला अकरा पॉइंट दोन. मी कागद दोनदा वाचला, तिने एकदाच, आणि जिना धावत चढली.

निवडीला त्या चौघींबरोबर आम्ही दोघंही गेलो. चढाईत तिने दोघींना शिवलं. तिसरीने पाय धरला, तशी तिलाही फरफटत घेऊन ती रेषेपार आली. माझी बायको, जिला कबड्डीतलं काही कळत नाही, उभी राहून ओरडत होती. मॅडमनी बारा नावं वाचली. तिचं सातवं होतं. बाकीच्या तिघींनी तिथेच एकमेकींच्या कमरेत हात घालून आपला ढेमसा नाच धरला आणि बायकोला मधे ओढलं. पर्स काखेत धरून ती नाचली, प्रत्येक पाऊल चुकीचं टाकत, आणि तिला थांबवायची घाई कुणालाच नव्हती.