डोहावरची मुकी राखण

आमच्या भोईवाड्यात कोणाची फजिती झाली, की ती वाळवलेल्या झिंग्यांसारखी वर्षभर पुरते. त्यातल्या निम्म्या फजित्या माझ्याच. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

*

मेहकरच्या बाजारात आत्यानं मला माशांच्या टोपल्यापाशी बसवलं. "ताजी मरळ म्हनून ओरडत राय!" सांगून ती पाणी प्यायला गेली. मी मनातल्या मनात खूप ओरडले. आत्या परतली, तर टोपलं भरलेलंच.

"काऊन वं, ओरडली नाही काय?"

"ओरडले ना."

"कोनाच्या कानात?"

*

एका वर्षी पाऊस झाला नाही. पैनगंगा आटून गावापाशी एक डोह उरला आणि नदीभरचे मासे त्यात गोळा झाले. बा रोज टोपलं भरून आणायचा. मी निबंधात लिहिलं, 'पाऊस न पडल्यास मासे वाढतात.' नागपूरहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे बाईंनी तो वाचला. साहेब म्हणाले, "गुड!" मी मान खाली घालूनच फुगले.

*

पुढच्या वर्षी नदी भरून वाहिली. जाळ्यात मात्र पालापाचोळा आणि बेडूक!

"पानी हाय, मंग मासा कुठी गेला?" काका म्हणाला.

"तुह्या पोटात!" आत्या म्हणाली. "पिल्लंबी सोडले नाही तुमी. अंडे कोन घालन?"

मासा नसला, की आमची माणसं सरकारी सडकेवर खडी फोडायला जातात. त्या वर्षी मीही गेले, शाळा सुटली. वाटेत भेटलेली वर्गमैत्रीण म्हणाली, "काय वं पंडिता, पाऊस बंद करायले सांगू काय?"

*

कशीबशी पुन्हा शाळेत बसले, तर पाऊस पुन्हा रुसला. डोहात थोड्याच मोठ्या मरळी राहिल्या होत्या. बानं सगळ्यांना बसवून ठरवलं, "पाऊस येईपर्यंत डोहात जाळं नाही. बियानं राहू द्या." सुट्टी होती, म्हणून राखण माझ्याकडे. जाळं दिसलं, की ओरडायचं!

"कोन, हे?" आत्या म्हणाली. "हिच्यापेक्षा बगळा बसवा, तो उडन तरी!"

*

एका दुपारी काका जाळं घेऊन आला. मी पुन्हा मनातल्या मनात ओरडले. मासे पळावेत म्हणून मी पाण्यात दगड टाकले. जवळचे दगड संपले, तेव्हा भूगोलाचं पुस्तक टाकलं.

काकानं जाळं एकदाच फेकलं आणि पुस्तक काढून दिलं. "घे. ओरडली असती तं कोरडं राह्यलं असतं."

*

मग एकदा भर उन्हात कोणीतरी कमरेएवढ्या पाण्यात दिसलं. डोक्याला फडकं, पाठ माझ्याकडे, जाळं फेकलेलं. हाताशी दगड नव्हता. भूगोल अजून झाडावर वाळत होता.

"जाळं! डोहात जाळं!"

बगळे उडाले. सगळा भोईवाडा धावत आला, आत्या तर पिठाच्या हातांनी. पाण्यातला माणूस वळला.

बा!

त्यानं मिशीवरचं पाणी पुसलं. "काही नाही. पोरीले ओरडता येते का नाही, पाहून राह्यलो होतो."

आत्यानं जाळ्याकडे पाहिलं. "अन् हे मरळ? साक्षीले आनली काय?"