एकतीसनंतर एक

रस्त्यावरच्या पाटीवर 'सम-विषम पार्किंग' एवढंच लिहिलेलं होतं. कुठली बाजू सम आणि कुठली विषम, ते देवालाच ठाऊक. म्हणून घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या घड्याळजींनी आपला सोपा नियम केला होता, रोज सकाळी स्कूटरची बाजू बदलायची. तरीही कधी लागोपाठ पावत्या फाटायच्या, तर कधी महिनाभर कुणी फिरकायचं नाही.

आज पुन्हा पावती फाटली, तेव्हा त्यांचा पारा चढला. दुरुस्तीला आलेलं घड्याळ हातात तसंच घेऊन ते दुकानाबाहेर धावले.

"अहो बाई, काल स्कूटर पलीकडे होती, म्हणजे आज इकडेच हवी ना? मनाला येईल तशा पावत्या फाडता होय?"

"काल तारीख काय होती, काका?" वाहतूक पोलीसबाईंनी शांतपणे विचारलं.

"एकतीस."

"आणि आज?"

"एक..." म्हणता म्हणताच घड्याळजींच्या लक्षात आलं. दोन्ही विषम! म्हणजे आज बाजू बदलायचीच नव्हती. तीस वर्षं लोकांच्या घड्याळांतल्या तारखा लावणाऱ्या माणसाने इतकी साधी गोष्ट विसरावी? त्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात त्यांची नजर स्कूटरच्या मागे, त्याच बाजूला उभ्या असलेल्या मोटरसायकलवर गेली.

"मग या मोटरसायकलला का नाही पावती?"

बाईंनी वळून पाहिलं आणि जीभ चावली. "ती माझी आहे. मीपण रोज बाजू बदलते."

दोघांनाही हसू आवरेना. बाईंनी मघाशी फाडलेली पावती परत घेतली आणि या वेळी खरोखरच फाडली.

पावती फाडल्यावर घड्याळजींना हायसं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.